ठोंबरेमामा आणि वाघ्याची नळी

आमच्या शेजारचे ठोंबरेमामा रोज सकाळी पहिल्या शिफ्टला निघण्याआधी कुत्र्याच्या छातीला पेचकस लावतात. हातभर लांब, लाकडी मुठीचा पेचकस. कुत्र्याला टोचू नये म्हणून टोकाला बाटलीचं बूच खोचलेलं. बुचाची बाजू कुत्र्याच्या बरगडीवर, मूठ मामांच्या कानामागच्या हाडावर आणि डोळे घट्ट मिटलेले. असे ते दोन-तीन मिनिटं बसतात. गल्लीत नवीन आलेल्या माणसाला वाटतं, कसला तरी उतारा चाललाय.

उतारा नाही. मामा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसरवर फिटर आहेत. मशीन चालू असताना आतलं बेअरिंग खराब झालंय का, हे फिटर लोक असंच बघतात. पेचकसाचं टोक मशीनला, मूठ कानाला. खरखर आली की बेअरिंग गेलं. वीस वर्षं मशीनला लावलेली रीत मामांनी कुत्र्याला लावली, एवढंच.

कुत्रं पामेरियन. पांढरं, झुबकेदार, दोन तळहातांत मावेल एवढं. नाव वाघ्या. मामा धनगर, खुलताबादकडच्या डोंगरातले. बायको-मुलं अजून तिकडेच असतात, मेंढरं आणि दीड एकर रान सांभाळतात. इथं मामा एकटे, आमच्या घराला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत. त्यांच्या वडिलांच्या कळपावर जो वाघ्या होता त्यानं म्हणे दोन लांडगे फाडले होते. या वाघ्याला साधी मांजर समोर आली तरी उबळ येते.

उबळ म्हणजे खोकला. पण साधा खोकला नाही. रिक्षाचा रबरी भोंगा कुणीतरी रागारागानं दाबावा तसा आवाज. भों, भों, भों, मग घशात काहीतरी अडकल्यासारखी खरड, मग मान लांब करून तोंड उघडं. गल्लीतली लहान मुलं आधी हसायची. नंतर हसेनाशी झाली, कारण तोंड उघडं राहायचा वेळ वाढत चालला होता.

हे कुत्रं मूळचं कारखान्यातल्या एका साहेबाचं. साहेबांची बदली झाली, सामानाचा ट्रक भरला, सोफा गेला, कुंड्या गेल्या. कुत्रं तेवढं कॉम्प्रेसर हाऊसच्या खांबाला बांधलेलं राहिलं. "लई खोकतंय, बाईसाहेबांची झोप मोडती," एवढाच खुलासा त्यांच्या ड्रायव्हरनं केला. याचा मी इथं जाहीर निषेध नोंदवून पुढं जाते.

आता स्पष्टच लिहिते. सुरुवातीला मला मामांचा राग यायचा. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन अंमलबजावणी अडली होती. गावोगाव आमच्या लोकांची घरं जाळली गेली होती, विहिरी बाटवल्या गेल्या होत्या, शेतावरचं काम बंद केलं गेलं होतं. मी कॉलेजात नाव घातलेलं, पण बसायची पत्रकांच्या गठ्ठ्यांवर. सकाळी सहाला सायकल काढावी, आज औरंगपुऱ्यात पत्रकं वाटायची, उद्या कारखान्यांच्या गेटवर सभा, डोकं तापलेलं, आणि शेजारून हाक यावी:

"पोरी, जरा ऐक बरं. कसा वाजायलाय?"

"कालच्यासारखाच, मामा."

"कालच्यासारखा म्हंजी? कोरडा का ओला?"

"कोरडा."

"किती येळा?"

"मोजलं नाही."

"मोजलं नाय!" मामा असं म्हणायचे, जसं काही मी मोर्चाला जायचं विसरले. "ते पत्रकात तुमी मागण्या मोजून लिव्हता का नाय? एक, दोन, तीन? मग ह्याचं बी मोजावं माणसानं."

आणि वर प्रश्न ठरलेला: "ह्याचं लाईफ किती असंल गं?"

लाईफ किती, हा मामांचा आवडता प्रश्न. बेअरिंगच्या खोक्यावर लाईफ लिहिलेलं असतं, म्हणून त्यांच्या मते जगातल्या प्रत्येक वस्तूचं ते कुठंतरी लिहिलेलं असणार, आपल्याला सापडत नाही एवढंच. चप्पल घेतली की लाईफ किती. न्हाव्याला विचारायचे, खुर्चीचं लाईफ किती. आमच्या कोपरासभेत तर हात वर करून उभेच राहिले, "सगळं ठीक हाय, पर तुमच्या ह्या आंदोलनाचं लाईफ किती?"

मी ताडकन उठले. "मागणी मान्य होईपर्यंत!"

"तसं नसतं," मामा शांतपणे म्हणाले. "काहीतरी धरून चालावं लागतं. मग माणूस तशी जुळणी करतो."

सभा हसली. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही, म्हणून आणखी राग.

वाघ्यासाठी मामांनी गल्लीत जवळजवळ कलम एकशे चव्वेचाळीसच लावलं होतं. गळ्यातला पट्टा पहिल्याच दिवशी कापून फेकला. "हवेच्या लाईनीवर कोण क्लॅम्प मारतं व्हय?" पट्ट्याऐवजी बाजेच्या नवारीचं खोगीर शिवलं. छातीखालून जाणारं, पाठीवर बक्कल. बिडी ओढणाऱ्यांनी आमच्या ओट्यापासून वीस पावलं लांब बसायचं. कुणी भाकरीचा तुकडा टाकला की मामा तो कुत्र्याच्या तोंडातून काढून घ्यायचे. "जाडी वाढली की नळीवर लोड येतो." सगळ्यांत मोठा संघर्ष माझ्या आईशी.

"वयनी, मिरच्या भाजायच्या असल्या की आधी सांगत जा."

"का? आता ठेच्याला बी पोलिसांची परवानगी काढू का?"

"परवानगी नगं. निस्ती हाळी द्या. मी ह्याला फिरवून आणतो."

मग आई तवा ठेवायच्या आधी पत्र्याची भिंत बडवायची आणि मामा कुत्र्याला सायकलच्या हँडलवरच्या पिशवीत घालून मैदानाला दोन चकरा मारून यायचे. गल्लीत मिरच्या भाजल्या जाताहेत हे मैदानात खेळणाऱ्यांना मामांच्या सायकलीवरून कळायचं.

हसण्यासारखं होतं, पण त्या उन्हाळ्यात हसू कमी कमी होत गेलं. वैशाखात पत्रे असे तापले की दुपारी खोलीत पाऊल ठेववेना. मामांनी छतावर ओली पोती टाकली, जमिनीवर ओल्या वाळूचा वाफा केला, त्यात कुत्र्याला बसवलं. तरी आवाज वाढला. आधी दिवसातून चार-पाच वेळा, मग पाणी पिताना, मग नुसतं उठून उभं राहताना. मीसुद्धा नकळत मोजायला लागले. पत्रक लिहिताना भिंतीपलीकडे भोंगा वाजला की माझी लेखणी थांबायची. संपला की पुढचा शब्द. नाही संपला तर पुढचा शब्द सुचायचाच नाही.

अशात मामांचे थोरले भाऊ धोंडीबा आले. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. वाघ्याला बघून त्यांनी पहिली पाच मिनिटं फक्त हसण्यात घालवली.

"नाऱ्या, हे कुत्रं हाय का सशाचं पिल्लू? धनगराच्या दारात हे बांधलं? आन् नाव वाघ्या? आपल्या बापाला कळलं तर वर बसल्या जागी मान खाली घालंल."

"हसू नको दादा. त्याला हसण्याचा बी तरास होतो."

"कुणाला, तुला का त्याला?"

पण रात्रभर भोंगा ऐकल्यावर धोंडीबांचं हसू आटलं. जनावराचं दुखणं त्यांना बघवत नाही, तो त्यांचा पिंडच आहे. सकाळी मामा कामावर गेल्यावर त्यांनी कडुलिंबाचा पाला तोडून आणला, दोन गोवऱ्या पेटवल्या, खोलीचं दार लावून घेतलं आणि वाघ्याला धुरी दिली. मेंढी खोकायला लागली की त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हाच इलाज. त्यांनी तो मनापासून केला. जास्त गुण यावा म्हणून पाला दुप्पट घातला.

हे मला नंतर आईनं सांगितलं. मी घरी नव्हतेच. त्या दिवशी जालना रोडवर आमचा रास्ता रोको होता आणि मी सकाळपासून तिथं होते. दुपारी शिफ्ट संपवून मामा आडवाटेनं घरी आले तेव्हा दाराच्या फटीतून धूर येत होता. आत धोंडीबा डोळे पुसत बसलेले आणि कुत्रं जमिनीवर आडवं. जीभ बाहेर, रंग जांभळा. आई म्हणाली, मामांनी टॉवेल ओला केला, कुत्रं गुंडाळलं, सायकल घेतली. धोंडीबा मागून म्हणत होते, "नाऱ्या, मला मार. दोन मार. बोलत का नाय?" मामांनी मागं वळून पाहिलं नाही.

रस्त्यावर आम्ही तीनशे-साडेतीनशे असू. टायर पेटवलेले, काळा धूर शहराच्या दिशेनं चाललेला, घोषणा रंगात. त्यात मला मामा दिसले. एका हातात सायकल, दुसऱ्या हातात टॉवेलचं गाठोडं, सरळ टायरांकडे चाललेले.

"ओ! थांबा!" आमचा गौतम ओरडला. तो रास्ता रोकोचा प्रमुख. मामा चालतच राहिले.

"ओ काका! कुठं निघालाव? थांबा म्हणतो ना!"

मामा चालतच. गौतमचा आवाज चढला. "बघा, बघा मस्ती! आमच्या आंदोलनाला जुमानत नाही म्हातारा!" दोन पोरं धावली आणि त्यांनी सायकलचं कॅरिअर धरलं. मामा दचकून वळले, इतके की गाठोडं हातातून सुटता सुटता राहिलं.

"अरे, हाक तरी मारायची!" मामा म्हणाले.

"तीनदा मारली!"

मामा गौतमच्या ओठांकडे बघत होते. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या माणसाला ऐकू येत नाही. कॉम्प्रेसरशेजारी वीस वर्षं उभं राहिल्यावर काय उरणार कानात? रोज सकाळचं "कसा वाजायलाय" ही माझी परीक्षा नव्हती. त्यांना खरंच माहीत नसायचं; पेचकसातून हाडाला लागेल तेवढंच कळायचं.

मी पुढं झाले. "गौतम, त्यांना जाऊ दे. कुत्रं मरायला टेकलंय."

"कुत्रं?" गौतमनं टॉवेलात डोकावून पाहिलं. "कुत्र्यासाठी रस्ता उघडायचा? आपल्या बाळंतीण बाईला गावातून बैलगाडी मिळाली नाही तेव्हा कुणी उघडला होता?"

खरं होतं. एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. मागून कुणीतरी ओरडलं, "पामेरियन जिंदाबाद!" आणि हशा पिकला. माझे कान तापले. दोन्ही बाजूंनी तापले.

मामांनी सायकल कमरेला टेकवून शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. आमचंच पत्रक, मीच लिहिलेलं. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"रुग्णांना वाट दिली जाईल, असं लिव्हलंय. रुग्ण कोण, ते लिव्हलेलं नाय."

गौतम माझ्याकडे बघायला लागला, हे तुझं वाक्य, तूच निस्तर अशा नजरेनं. तेवढ्यात बाजूला बसलेल्या कौसाबाई उठल्या. यांचं घर गावात जाळलं गेलं, तेव्हापासून त्या शहरात भाच्याकडे असतात. आमच्या प्रत्येक मोर्चात पहिल्या रांगेत त्याच.

"माझं घर पेटलं तवा मी आधी शेळीचं दावं कापलं," त्या म्हणाल्या. "समदं गाव बघत हुभं व्हतं. एकानं बादली आणली नाय. म्या त्यांच्यावानी हुभी ऱ्हाणार नाय. टायर हलीव, गौतम."

"मावशी, आंदोलनाची शिस्त..."

"शिस्त मला नगं शिकवू. माती टाक त्या धुरावर. ते लेकरू गुदमरायलंय."

माती पडली. टायर सरकले. मी मामांच्या हातातून सायकल घेतली.

"तू कुठं चाललीस?" गौतम.

"रुग्णासोबत," मी म्हटलं.

मामांना कॅरिअरवर बसवलं. पन्नाशीचा माणूस कॅरिअरवर, मांडीत गाठोडं, आणि विशीतली मुलगी पायडल मारतेय, असं दृश्य जालना रोडनं आधी पाहिलं नसेल. रस्ता मोकळा, दुकानं बंद, वर ऊन. मागून दर मिनिटाला प्रश्न, "वाजायलाय का?"

मी ओरडून सांगायची, "वाजतोय!" मग लक्षात आलं की ते ऐकणार कसे. म्हणून भोंगा ऐकू आला की मी डावा हात वर करायला लागले. सवयीनं मूठच वळायची. भों, मूठ वर. भों, मूठ वर. एका बंद दुकानाच्या पायरीवरचा म्हातारा आमच्याकडे बघून उभा राहिला. त्याला वाटलं असेल, दोन माणसांचा मोर्चा.

मग क्रांती चौकाच्या चढावर आवाज थांबला.

मी वाट पाहिली. हात हँडलवरच. पाच पायडल, दहा पायडल. काहीच नाही. आता हात वर करायचा की नाही? खोटा करू? वळून बघायचा धीर होईना. मागूनही प्रश्न येईना. चढ संपत आला.

"थांबू नको," मामा म्हणाले. "चालू हाय. हाताला लागायलाय."

मग बऱ्याच वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखे, "कानाचं कारखान्यात कुणाला बोलू नको. मेडिकल तपासणीत काढून टाकतील."

माझ्या डोक्यात तिथल्या तिथं पत्रक तयार झालं होतं. मथळ्यासकट. मी ते गिळलं.

औरंगपुऱ्याच्या पलीकडच्या जनावरांच्या दवाखान्यात दोन बैल, एक म्हैस आणि शिंगाला पट्टी बांधलेली शेळी अशी रांग होती. डॉक्टरांनी वाघ्याची जीभ बघितली आणि रांग मोडली. इंजेक्शन दिलं, पंख्याखाली ओल्या फडक्यावर ठेवलं, खोलीतल्या सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. आम्ही तासभर भिंतीला टेकून बसलो. मामा जिभेकडे बघत होते. मी मामांकडे. जांभळ्याची करडी झाली, करडीची फिकट, आणि शेवटी कुठं गुलाबी. तेवढ्या वेळात बाहेर कितीदा घोषणा झाल्या असतील, माझं लक्ष नव्हतं. हे मी कबूल करते.

डॉक्टरांनी गळ्यावरून हलकी बोटं फिरवली आणि मामांच्या समोर उभे राहिले.

"श्वासाची नळी बसकी झालीय. रबरी नळी जुनी होऊन चेपते ना, तशी."

मामांचा चेहरा एकदम उजळला. या आजाराला पहिल्यांदा त्यांच्या भाषेत कुणी नाव दिलं होतं. "दुसरी टाकता येती का?"

"नाही."

"आतून काही आधार? स्प्रिंग वगैरे?"

"आपल्याकडे नाही. रात्री कसा असतो? झोपेत आवाज येतो का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, भिंतीपलीकडून मला ऐकू यायचंच. पण मामा आधी बोलले.

"आवाजाचं मला कळत नाय. छातीवर घेऊन झोपतो मी त्याला. मधी अडकलं की छातीला कळतं. मग उठवून बसवतो."

"रोज?"

"रोज. दोन वर्सं झाली."

"आणि कूस बदलायची झाली तर?"

मामांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

"नाय बदलली," ते म्हणाले.

डॉक्टर पाठ करून कोपऱ्यातल्या नळावर हात धुवायला गेले आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ बोलत राहिले. मामा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. औषधाची चिठ्ठी घेतली, दोन्ही हात जोडले, गाठोडं उचललं, आम्ही बाहेर पडलो.

पायऱ्यांवर मामा थांबले. वाघ्या टॉवेलातून नाक बाहेर काढून बैलांकडे बघत होता.

"काय म्हणले डाक्टर?"

मी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिले आणि सांगितलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते, पण डोळे भरलेले असल्यामुळे त्यांना ओठ दिसत नव्हते. "काय?" ते म्हणाले. "मोठ्यानं म्हण."

मग मी मोठ्यानं म्हटलं. मोठ्यानं बोलायची एकच तऱ्हा मला येते, चौकात उभं राहून येते ती.

"हे बरं होणारं दुखणं नाही!"

बैलवाले वळून बघायला लागले.

"पण वजन वाढू दिलं नाही! गळ्यात पट्टा घातला नाही! धूर, ऊन, धावपळ टाळली! तर बरीच वर्षं काढतात अशी कुत्री!"

कोपऱ्यावरून एक हवालदार काठी सावरत धावत आला. "ए बाई! जमावबंदी हाय. घोषणा बंद!"

"घोषणा नाहीय," मी म्हटलं. "डॉक्टरांचा निरोप देतेय."

त्यानं मामांकडे पाहिलं, टॉवेलातल्या नाकाकडे पाहिलं आणि काठी खाली केली.

"अचानक एखाद्या दिवशी बिघडेल, तेवढी मनाची तयारी ठेवायची! बसल्या जागी जीभ निळी पडली तर लगेच आणायचं! संपलं!"

मामांनी बाहीनं डोळे पुसले. आता त्यांना माझे ओठ दिसत होते.

"ते वर्सांचं," ते म्हणाले, "तेवढं परत म्हण."

मी म्हटलं. चार वेळा म्हटलं.